पुढच्या चाकातलं शिसं

दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, सूड घेणारी बाई आधी सगळ्या गावाला सांगते. केस मोकळे सोडते, पाय आपटते, वैऱ्याचं नाव घेऊन बोटं मोडते आणि मगच कामाला लागते. अशा बायका मी कितीतरी वर्षं केल्या. लुगडं नेसून, ओठ रंगवून, पेनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत. त्यामुळे सूड कसा दिसतो हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं मी समजत होतो. मग शेजारच्या देवाजीच्या पोरीनं तो माझ्या डोळ्यांदेखत घेतला, आणि त्या सगळ्या काळात तिचा आवाज एकदाही चढला नाही.

तिचं नाव दीक्षा. आदिलाबादच्या एका शाळेत ती कारकून आहे. सकाळच्या बसनं जैनथहून जाते, संध्याकाळी मिळेल त्या ऑटोनं येते. दिवसभर तेलुगूत कागद हलवते, घरी आली की बापाला चहा देते आणि ओसरीवर काहीतरी उघडून बसते. पंखा, मिक्सर, कुणाची शिलाई मशीन. अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. माझ्या तरुणपणी अशी पोरगी आमच्या फडात असती तर मी तिला पडद्यामागचा सगळा कारभार देऊन टाकला असता.

देवाजी, तिचा बाप, गावातल्या भुसार दुकानात हमाल होता. पाठीवर पोतं घेऊन तो पळायचा. चालताना मी त्याला फारसा पाहिलाच नाही. आता त्याची पाठ वाकली ती वाकलीच. दुकानाचा एक रिवाज होता. हमालानं गादीपर्यंत पोतं न्यायचं, पण चपला बाहेर काढून. उन्हाळ्यात फरशी तापलेली असली तरी. देवाजीनं याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. बसताना अजूनही तो चपला उंबऱ्याबाहेर काढतो, स्वतःच्याच घरात.

त्या दुकानमालकाचा नातू अनुप. दीक्षा आणि तो कॉलेजात एका वर्गात होते. मुलगा वाईट म्हणावा असा नव्हता. हसरा, चारचौघांत उठून दिसणारा, नट झाला असता. त्यानं एक गाडी मागवली. हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, दगड चढणारी. तिला क्रॉलर म्हणतात. ती पळत नाही. मुंगीसारखी सरपटते, एक चाक उचलते, दुसरं टेकवते, आणि आपण जिथून घसरून पडू अशा दगडावर चढून उभी राहते. पेनगंगेचं पाणी उतरलं की आमच्याकडे नदीत काळे कातळ उघडे पडतात. तिथं दर रविवारी आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल अशा ठिकाणांहून असे शौकीन जमू लागले. मोठमोठी माणसं, मिशावाली, उकिडवी बसून खेळण्यांवर भांडायची. मला फार आवडायचं. त्यांनीही माझा आवाज ओळखून माइक माझ्या हातात दिला, आणि म्हातारपणी मी पुन्हा एकदा लोकांसमोर उभा राहिलो.

या खेळात एक माणूस रिमोट धरतो आणि एक माणूस दगडावर उभा राहतो. गाडी उलटली की त्या दुसऱ्यानं ती उचलून सरळ करायची. उचलली की गुण कापले जातात. दगडावर चिखल आणि खडे येऊ नयेत म्हणून उचलणारा अनवाणी. त्याला या मंडळींनी गमतीनं नाव दिलं होतं, हमाल. त्यांचा दुसरा एक रिवाज होता. शेवटच्या फेरीत जो बाद होईल, त्यानं लगेच पुढच्याचा हमाल व्हायचं. हरलेला माणूस रुसून घरी जाऊ नये म्हणून कुणीतरी काढलेली युक्ती ती. कुणी ना म्हणत नसे.

अनुप रिमोट धरायचा. दीक्षा दगडावर असायची. गाडी त्याची होती, तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नाही. पण ती गाडी सुरुवातीला दर चढाला मागं कोलमडायची, आणि तिला चढती केली दीक्षानं. भोयांच्या फेकजाळ्याला काठानं शिशाचे मणी असतात. तसे जुने मणी तिनं मागून आणले, दगडावर ठेवून हातोडीनं चपटे केले, आणि टायर काढून आतल्या कड्यावर कापडी टेपनं गुंडाळले. चाक जड झालं की गाडीचा भार खाली राहतो आणि टायर दगडाला धरून बसतो. पुढच्या चाकांत जास्त, मागच्यांत नावाला. बैलगाडीत पोती मागं झाली की गाडी उलाळ होते, जू वर आणि बैल गळफासात. ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. अनुपच्या घरचे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तराजूपाशी बसले, गाडीवर कधी बसले नाहीत.

तो तिच्यावर ओरडायचा. खेळात सगळेच ओरडतात, मी मनावर घेतलं नाही. दीक्षा गाडी उचलताना सांगायला जायची, की डावीकडून घे, तिथं फट आहे. तो तिथूनच म्हणायचा, "बोलू नको, ठेव फक्त." ती ठेवायची.

मंचेरियलच्या स्पर्धेत त्यांची गाडी पहिली आली. तिथं मोबाइलवर चॅनल चालवणाऱ्या एकानं अनुपला गाठलं आणि कप त्याच्या हातात देऊन प्रश्न विचारले. गाडी कुणी तयार केली, तर म्हणाला मी. मागं दीक्षा टायर पुसत बसलेली चित्रात दिसत होती. ही कोण, असं त्या माणसानं विचारलं. अनुप हसून म्हणाला, "ये? ये तो हमाल है अपनी. इसका बाप हमारी दुकान का हमाल, ये हमारी गाडी की. खानदानी काम है."

आणि चित्रात दीक्षाही हसते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ती हसते, कारण सगळे हसतात.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ गावभर फिरला. देवाजीला तो दाखवला त्याच दुकानाच्या पायरीवर, कुणीतरी मोठ्या कौतुकानं, की बघ तुझी पोरगी टीव्हीत आली. मी रात्री जेवणं झाल्यावर विचारपूस करायला गेलो, तर देवाजी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता. जेवत नव्हता. मला म्हणाला, "लेकराची मस्करी हाय, उत्तमराव. जाऊ दे." मग दीक्षाला म्हणाला, "जाऊ दे वं माय."

दीक्षा म्हणाली, "हो बाबा."

रविवारी ती नदीवर गेली, अनुपची गाडी मागितली, चारही चाकं उघडली आणि आपलं शिसं सोलून काढलं. त्यानं विचारलं, काय करून राह्यली? ती म्हणाली, गाडी तुझी, वजन माझं. पट्ट्या ओढणीच्या पदरात बांधल्या आणि निघून आली. वाटेत माझ्या ओट्यावर टेकली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "आबाजी, त्यानं माझी गाडी उचलली पाह्यजे. त्या दगडावर, सगळ्याईच्या समोर. चपला काढून."

मी म्हटलं, "तुझ्याजवळ गाडी कुठं हाय?"

"गाडी येईन," ती म्हणाली.

गाडी आली. कुणाची तरी मोडकी, नुसता सांगाडा, मागून मोटर, मग चाकं. माझ्या घरामागं पडक्या कुंपणाचे दगड रचलेले आहेत. तो ढीग म्हणजे तिचा डोंगर. संध्याकाळी मी खाट टाकून बसायचो आणि ती गाडी चढवायची. आधी तिनं रागाच्या भरात पुढं इतकं शिसं भरलं की पहिल्याच दगडावर आतल्या चक्रीचे दात गेले. करकर आवाज आला आणि गाडी जागच्या जागी मेली. ती हसली नाही, रडलीही नाही. नवी चक्री आणली, शिसं थोडं उतरवलं. मग पुन्हा थोडं चढवलं. चाक दोन बोटांवर तोलून बघायची, डोळे मिटून, जसं आमच्यात तबलजी कान लावून बसायचा. शिसं हाताळून झालं की राखेनं हात घासायची आणि बापाची भाकर टाकायला जायची.

एकदा बोलता बोलता मी तिला आमच्या फडातल्या राजाची गोष्ट सांगितली. राजाचं सोंग घेणारा मोठा ऐटबाज होता. मला नावानं हाक मारत नसे, "ए लुगड्या" म्हणायचा. आमच्या वगात राणीला घेरी येते आणि दासी तिला सावरते. एका प्रयोगात मी दासीकडे पडलोच नाही. राजाच्या पायाशी पडलो, आणि अंग सोडून दिलं. अंग सोडलं की माणूस दुप्पट जड होतो. गाव बघत होतं. त्याला वाकावं लागलं, मला उचलावं लागलं, आणि रंगमंचाच्या टोकापर्यंत न्यावं लागलं. मुकुट पडला त्याचा.

दीक्षानं रिमोट खाली ठेवला होता. म्हणाली, "पण मंग वग बिघडला असन."

"बिघडला ना. गावानं दुसऱ्या वर्षी बोलावलं नाही."

"तुमाले वाईट वाटलं?"

मी म्हटलं, वग दुसरा बसवता येतो. दीक्षा गाडी उचलून घरी गेली.

यंदा स्पर्धा आमच्याच नदीत होती. शेवटची फेरी एका मोठ्या काळ्या कातळावर. त्याला गावात रेडा म्हणतात. पाठ उतरती, मान एकदम उभी. आदल्या दिवशी सराव होता. अनुप आला, झकास कपडे, गॉगल. त्याच्या गाडीत आता शिसं नव्हतं. पितळेची चकचकीत कडी मागवून बसवली होती. सगळ्यांना दाखवत होता की दुकानातल्या काट्यावर एकेक चाक ठेवून चारही सारखी केली, गुंजभर फरक नाही. त्याच्या आजाची ख्याती तशीच होती. त्या दुकानाचा काटा कधी झुकला नाही असं लोक सांगतात. नातवानं ती अब्रू गाडीच्या चाकांत भरली. दीक्षानं चढती केलेली गाडी त्यानं दोन हंगाम चालवली होती, पण तिच्या चाकांना स्वतः कधी हात लावला नव्हता. उचलायला माणूस होतं ना.

सरावात त्याची गाडी रेड्याच्या मानेवर नाक वर करू लागली. त्यानं दोनदा सावरली. मग तो दीक्षाजवळ आला. मी तिथंच माइकची वायर सोडवत होतो. अगदी जुन्या मैत्रीतल्या आवाजात म्हणाला, "दीक्षे, गाडी मागं काऊन येऊन राह्यली वं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. मागची कडी काढ, एवढंच.

"मी हमाल," ती म्हणाली. "मले काय कळते."

त्याचा चेहरा क्षणभर बावळट झाला. मला वाटतं, काय घडलं होतं हे तोपर्यंत त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो व्हिडिओ त्याच्या लेखी कधीच संपला होता.

स्पर्धेच्या दिवशी नदीकाठी जत्रेसारखी गर्दी. भज्यांचा वास, तेलुगू गाणी, पोरांच्या हातात मोबाइल. देवाजी आला नाही. शेवटच्या फेरीला तिघं उरले. मंचेरियलचा चंपतराव, कोळशाच्या खाणीत नोकरी करणारा, ढेरपोट्या आणि सज्जन; अनुप; आणि सगळ्यांत जास्त गुण घेऊन दीक्षा. तिची गाडी दिवसभर एकदाही उलटली नव्हती. रेड्यावर ती सरळ चढली की कप तिचा. उलटली तर चंपतरावाचा. हे मी माइकवरून तीनदा सांगितलं, आवाज चढवून, कारण मला तो कप देवाजीच्या ओसरीवर बघायचा होता.

चंपतराव आधी गेला. रखडत, पण न उलटता माथ्यावर पोचला. मग अनुप. पाठ सुरेख चढला. मानेशी आल्यावर गाडीनं नाक वर केलं, घोड्यासारखं, आणि उताणी पडली. त्याला स्वतःचा हमाल नव्हता, म्हणून चंपतरावानं उचलून दिली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती अशी गडगडली की पुढचा दांडा तुटला. अनुप बाद झाला. रिवाजाप्रमाणे पुढच्याचा हमाल तो.

तो हसत हसत चपला काढू लागला. त्याला वाटलं असणार की आपल्याला काही काम नाही. तिची गाडी पडतच नव्हती.

दीक्षानं पंचांकडे चाक बघायला वेळ मागितला. तेवढी परवानगी असते. ती खाली बसली, पुढच्या दोन्ही चाकांचे स्क्रू सोडले, टायर काढले आणि आतली शिशाची पट्टी सोलली. एका चाकाची, मग दुसऱ्याची. रिकामी चाकं परत बसवली. माझ्याजवळ आली, पट्ट्या माझ्या मोकळ्या हातात ठेवल्या.

"आबाजी, धरा जरा."

मला वाटलं, चक्रीचे दात पुन्हा करकरले असतील, ती भार कमी करत असेल. मी मूठ मिटली. ऊन होतं, शिसं गरम होतं. आणि ती रिमोट घेऊन उभी राहिली तेव्हा तिनं अनुपकडे पाहिलं, गाडीकडे नाही. तेव्हा मला माझ्या फडातला राजा आठवला. हातात माइक होता, ओरडून थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.

गाडी पाठ चढली. मानेवर आली, नाक उचललं, आणि सावकाश, अगदी सावकाश उताणी झाली. गर्दीतून मोठा उसासा निघाला. चाकं आकाशाकडे फिरत होती.

"हमाल," दीक्षा म्हणाली. ही हाक खेळात सगळेच मारतात. तिनं ती मोठ्यानं मारली नाही, तरी काठावर सगळ्यांना ऐकू गेली.

अनुप तापलेल्या कातळावरून पाय उचलत उचलत गेला. वाकला. दोन्ही हातांनी गाडी उचलली, आणि उचलता उचलता थांबला. भुसारवाल्याचा नातू तो. मूठभर डाळ हातात घेतली तर वजन सांगेल. त्यानं पुढचं चाक बोटांत धरून तोललं. मग मागचं. पुन्हा पुढचं. वर पाहिलं.

"पुढं वजनच नाही," तो म्हणाला. "दीक्षे, तू काढलं. तू मुद्दाम..."

"बोलू नको," दीक्षा म्हणाली. "ठेव फक्त."

शंभर मोबाइल वर होते. त्यानं ठेवली.

तिनं गाडी परत त्याच जागी नेली आणि परत पाडली. कप तर पहिल्याच वेळी गेला होता, हे आता काठावरच्या पोरांनाही कळलं होतं. तो परत वाकला, परत ठेवली. कुणीतरी शिट्टी मारली, काही जण हसले. तिसऱ्यांदा ती उलटली तेव्हा कुणी हसत नव्हतं. अनुपचे पाय भाजत होते, तो एकावरून दुसऱ्यावर भार देत उभा होता, आणि गाडी छातीशी धरली होती, पोतं धरतात तशी. माझी मूठ इतकी घट्ट झाली होती की शिशाच्या कडा तळव्यात रुतल्या. त्या पोराची मला दया आली हे मी लपवत नाही. पण मी देवाजीची पाठही पाहिली आहे.

"नीट टेकव," दीक्षा म्हणाली. "चारी चाकं."

त्यानं टेकवली. तिनं रिमोट बंद केला आणि आपली गाडी उचलायला स्वतः गेली.

कप चंपतरावाला मिळाला. तो बिचारा ओशाळून तिच्याकडे आला, हा तुझा आहे म्हणाला. तिनं त्याला नमस्कार केला, म्हणाली, "नाई काका, मले भेटलं." अनुप तोपर्यंत निघून गेला होता. त्याच्या चपला तिथंच राहिल्या होत्या. घाईत विसरला, की तसाच गेला, कुणास ठाऊक. दीक्षानं त्यांना हात लावला नाही.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी आलो. तिनं हात धुतले, चहा ठेवला आणि बापाच्या हातात मोबाइल दिला. कुणीतरी सगळं चित्रित करून पाठवलं होतं. देवाजी वाकल्या पाठीनं मोबाइल डोळ्यांशी नेऊन बघत राहिला. मी वाट बघत होतो, की आता म्हणेल, हे बरं केलं नाहीस माय. तो तसाच माणूस आहे.

व्हिडिओ संपला. देवाजीनं विचारलं, "त्यानं चपला काढल्या होत्या काय?"

"हो बाबा."

"दिसल्या नाई मले." त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. "पुन्हा लाव."